दादाच्या फोल्डरातली ओळ

दोघा भावांनी मिळून कंपनी काढली आणि धाकट्याने थोरल्याला तिच्यातून बाहेरचा रस्ता दाखवला. गेल्या आठवड्यात थोरला वारला. धाकटा अंत्यविधीलाही गेला नाही. "आमचं बोलणं कधीच संपलंय," एवढंच तो बायकोला म्हणाला.

आज भरदुपारी त्याने प्रोग्राम कंपाइल केला, तर पडद्यावर चूक आली: फोल्डर 'दादा', ओळ अपुरी.

"कुणाची ही थट्टा?" तो खेकसला.

शेजारी बसणाऱ्या टेस्टिंगवालीने खुर्ची ओढली. "सर, कंपायलर मनचं बोलत नाही, ओळ अपुरी असली तरच अडतो. सगळ्या फाइली एकत्र करताना कुठली ओळ कुठल्या फोल्डरातून आली, हे तो लक्षात ठेवतो. तिथूनच आली असणार."

पण मशीनवर तसलं फोल्डरच नव्हतं. भावाला काढलं त्याच दिवशी त्याने ते स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

चुकीखाली कंपायलरने ती ओळ जशीच्या तशी दाखवली होती: 'धाकट्या, तू आला नाहीस'.

बाहेरून कुणीतरी मशीनमध्ये घुसलंय, असं त्याला वाटलं. दातओठ खात त्याने नेटवर्कची वायर उपटली आणि पुन्हा कंपाइल केलं. फोल्डर तेच. ओळ अजून अपुरीच, फक्त लांबली होती: 'धाकट्या, तू आला नाहीस, म्हणून मीच'.

"सर, राहू द्या ना आता," ती कुजबुजली.

"मेल्यावर तरी पिच्छा सोड म्हणावं!" तो कडवट हसला आणि त्याने पुन्हा कंपाइलचं बटण दाबलं.

या वेळी एकही चूक आली नाही. ओळ पुरी झाली होती.