अंगावरची गांध

मृणालिनीने लेकीला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि भिंगातून तिची पाठ, मान, कोपरं पुन्हा तपासली. कुठेच काही दिसेना, आणि भीती त्याचीच होती. खाज थांबवणारी लस टोचून घेतल्यापासून गावात कोणाच्याच अंगावर डास चावल्याची खूण उमटत नव्हती. डासांमुळे पसरणाऱ्या नव्या तापावरचं औषध मात्र चावल्यापासून सहा तासांत घेतलं तरच लागू पडे, आणि ते रोज घेण्यासारखं नव्हतं.

महिन्यापूर्वीपर्यंत घरात तिची आई होती. तिने लस घेतलीच नव्हती. "कातडी ओरडते ती आपल्या भल्यासाठी. तिचं तोंड कशाला बांधता?" म्हणायची. तिच्या दंडावर गांध उठली, की घरात डास शिरल्याचं कळायचं. सगळे औषध घ्यायचे आणि आई गांधीवर आमसूल चोळत बसायची. मग एका सकाळी, ताप नाही की काही नाही, ती झोपेतून उठलीच नाही.

"आई, इथे खाजतंय," लेक पोटरी खाजवत म्हणाली.

पोटरीवर लाल गांध वर येत होती.

"तुला तर आजीने लस टोचून आणली होती ना?"

"आजीने आइस्क्रीम दिलं. टोचू नाही दिलं. तुला सांगू नको म्हणाली, तू ओरडशील."

मृणालिनीने दोघींचं औषध ओतलं. लेकीने ते गिळल्यावर तिने आईची बरणी उघडली, आमसूल भिजवलं आणि गांधीवर चोळू लागली.

"आजीला ओरडणार?"

"भेटली तर ओरडेन," मृणालिनी म्हणाली आणि चोळत राहिली.