बापलेकांची भेट

क्षमा मागणे हे मुळातच कष्टाचे कर्म. ते उसन्या चेहऱ्याने करावे लागले, तर मागणाऱ्याला प्रथम स्वतःचीच किळस येते. तात्यांना ती खुर्चीत बसताक्षणीच आली.

दुकान नुकतेच उघडले होते. काचेच्या लहान लहान खोल्यांत माणसे डोळ्यांवर जाड काळे चष्मे बांधून हवेत हातवारे करीत होती. एक स्थूल गृहस्थ शून्याला मिठी मारून उभे होते. तात्यांनी मान फिरवली.

"आजोबा, पहिलीच वेळ ना?" दुकानातल्या मुलीने विचारले. "चेहरा कुठला लावू? राजा आहे, नट आहे, वाघ आहे. वाघ फार चालतो हं सध्या."

"माणसाचा नाही का एखादा?"

ती खुदकन हसली. तात्यांनी खिशातून एक छायाचित्र काढून तिच्या हाती दिले.

"फोटो जुना दिसतोय, आजोबा."

"असू दे. हाच लाव."

"आणि भेटायचंय कुणाला?"

"बापलेकांची भेट आहे, बाळ," तात्या म्हणाले. "बोलणं बंद आहे दोघांचं."

प्रकरण साधे होते आणि म्हणूनच दुःखद. आईच्या अंत्यविधीला दूरदेशी राहणारा मुलगा पोहोचू शकला नव्हता. जमलेल्या आप्तांदेखत बापाने फोनवर त्याला सुनावले होते, "मला मुलगा नाही." तेव्हापासून दोन्ही घरे एकमेकांना मुकी झाली. आता सोमवारी बापाच्या हृदयाची शस्त्रक्रिया व्हावयाची होती आणि त्यापूर्वी ते शब्द मागे घ्यावयाचे होते. मुलाचा निरोप आला होता: भेटेन, पण या नव्या जगातच, मला तेच सोयीचे पडते.

दुकानातल्या मुलीने तात्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि ते जग त्यांच्या अंगावर आले.

आकाश खोकल्याच्या औषधासारखे गुलाबी होते. समुद्र होता, पण त्याला वास नव्हता, ओल नव्हती. सर्व माणसे तरुण होती आणि सर्वांची नाके एकाच साच्यातून काढल्यासारखी. त्यांचे पाय भूमीला न टेकता घसरत होते. एक स्त्री एका पुरुषाच्या देहातून आरपार निघून गेली. कोणीही कोणाची क्षमा मागितली नाही.

लांडग्याचे डोके लावलेला एकजण आडवा आला. "काका, पंख घेता का? एका जोडीवर दुसरी फुकट!"

"अरे, इथे चालायला धड जमीन नाही, आणि उडून जाऊ कुठं? सरक बाजूला."

ठरलेल्या बाकावर एक तरुण बसला होता. तात्यांना पाहताच तो आदराने उठून उभा राहिला.

"बाबा."

चेहरा ओळखीचा होता; छायाचित्रात असतो तसाच, आणि तितकाच निर्जीव.

"तब्येत कशी आहे तुमची?"

"तब्येतीचं राहू दे. बस तू. मला बोलून घेऊ दे, नाहीतर धीर सुटेल."

तात्यांनी वाटेत शब्द पाठ केले होते. "मी तेव्हा बोललो ते चुकलं. विमानं बंद होती, हे मला ठाऊक होतं. तरीही बोललो. ते शब्द मी परत घेतो." पाठ केलेले इथेच संपले. पण तात्यांची स्वतःची पत्नीही गेली होती, आणि पुढचे शब्द आपसूक आले. "घरातलं माणूस गेलं ना, की घर एकाएकी फार मोठं होतं रे. इकडून तिकडे हाक मारावी, तर हाक आपल्याकडेच परत येते. अशा वेळी दुःखाला कुणावर तरी ओरडायचं असतं. आणि ते सगळ्यात जवळच्यावर ओरडतं."

तेवढ्यात दोघांच्या मधोमध एक झगमगता अजस्र मासा प्रकटला. "उदास आहात? हसरा चेहरा, आज निम्म्या किमतीत!"

"हाड!" तात्या गरजले.

"आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत," मासा म्हणाला आणि विरून गेला.

किळसेने तात्यांच्या अंगावर काटा आला. इतक्यात त्यांना हुंदका ऐकू आला. तरुण रडत होता. परंतु त्याचा चेहरा मात्र बसवलेला तसाच, गोड हसत होता. त्या जगात पाहिलेल्या सर्व गोष्टींत हीच तात्यांना सर्वांत ओंगळ वाटली.

"बाबा, पुढे नका बोलू," तरुण म्हणाला.

"का रे?"

"ऐकवत नाही. हे मी ऐकायचं नाहीच. मी तुमचा मुलगा नाही हो. त्यांच्या ऑफिसात काम करतो. साहेब म्हणाले, जरा वेळ बस, हो ला हो कर, म्हातारा समाधानानं घरी जाईल. मला वाटलं, त्यात काय एवढं! पण त्यांना वाईट समजू नका. सकाळपासून दोनदा त्यांनी स्वतः चष्मा चढवला आणि दोनदा उतरवला. तिसऱ्यांदा माझ्या हातात दिला."

तात्यांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला. हात मस्तकातून आरपार गेला. तो त्यांनी तसाच अधांतरी धरून ठेवला.

"बाळ, तुझं भलं होवो. तुझ्या साहेबाला सांग, सोमवारच्या आत एकदा साधा फोन कर. नुसतं 'बाबा' म्हण, पुढचं आपोआप सुचेल. इकडे मीही माझ्या मित्राला हेच सांगतो. दुकानाबाहेर बसलाय केव्हाचा. 'असल्या चाळ्यांत मी पाय ठेवणार नाही, माझा फोटो घे आणि तूच जा' म्हणाला. शेवटी बापलेकच ते! देव दोघांनाही सुखात ठेवो."