काडीवानी बाई

तीस वर्षं चरख्यावर विणकामाच्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या कौशल्यानं त्या सकाळी नवऱ्याला तोच चरखा दाखवून विचारलं, “हे काय होय जी?” मागावर बसलेल्या नंदलालचा धोटा थांबला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला आणि जुने कागद चाळले. “कोलेस्टेरॉल पंधरा वर्षांपूर्वीच वाढलेलं होतं. गोळ्या घेतल्या नाहीत?” नंदलालनंच त्या बंद केल्या होत्या. “तू त काडीवानी, तुह्या अंगात कोठची चरबी?” म्हणाला होता, तीही हसली होती. “बारीक माणसालाही होतं. त्यानं या आजाराचा धोका वाढतो. तेवढंच कारण मात्र नसतं,” डॉक्टर म्हणाले. बंद केलेल्या गोळ्यांतच अडकलेल्या नंदलालला शेवटचं वाक्य ऐकूच आलं नाही. दोघं निघताना डॉक्टर म्हणाले, “कोलेस्टेरॉल घराण्यातूनही येतं, लेकीचंही रक्त तपासा.” पाच वर्षांनी कौशल्या गेली. तेरवीला लेक मोनिका म्हणाली, “बाबूजी, मी आईवानीच दिसते.” तिचं रक्त तपासायचं अजून राहिलंच आहे.