बिस्किटसाठी चांगलं घर

"दिवसातून किती तास तो एकटा राहील?" पूर्वाने विचारलं.

सोफ्याच्या अगदी कडेला टेकलेल्या धोंडिबांनी प्रश्न नीट ऐकून घेतला. "एकटा कसा ऱ्हाईल? सव्वाशे मेंढरं हायत की."

'घरातील इतर प्राणी' या रकान्यात पूर्वाने सव्वाशे लिहिलं. रकान्यात जागा एकाच आकड्यापुरती होती, त्यामुळे उरलेले दोन समासात गेले.

अर्ज तिने स्वतः तयार केला होता. पाच पानं, सतरा प्रश्न. नोकरीत ती दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. सुट्टीच्या दिवशी बेवारशी कुत्र्यांना घरं शोधायची आणि तेव्हा माणसांतल्या चुका तिला त्याच सफाईने सापडायच्या. आजवर अकरा कुत्री तिने चांगल्या घरी दिली होती. नकार किती जणांना दिला, ते तिने मोजलं नव्हतं.

बिस्किट हा बारावा. पंधरा दिवसांपूर्वी कात्रजच्या घाटापलीकडे मैत्रिणीबरोबर फिरायला गेली असताना तो तिला दिसला. उघड्या माळावर एकटाच, हडकुळा, आणि शेजारी एक जुनं घोंगडं. कुत्रं सोडून जाणारे लोक त्याचं अंथरूणही शेजारी टाकून जातात, तेवढीच मनाची टोचणी कमी. शहरात तिने असे तीन पाहिले होते. हा तर त्या घोंगड्यापासून हलायलाही तयार नव्हता. शेवटी तिने घोंगडंच उचलून गाडीत ठेवलं, तेव्हा तो मुकाट्याने त्याच्या मागे चढला. कर्वेनगर येईपर्यंत ती रडत होती.

घरी आल्यावर तिने घोंगडं मशीनमध्ये धुतलं. ते आटून टॉवेलएवढं झालं. बिस्किट महागाचं खाणं हुंगून बाजूला व्हायचा आणि रात्रभर बाल्कनीत टक्क जागा राहून खालून जाणाऱ्या प्रत्येक दुचाकीची चौकशी करायचा. 'मानसिक आघात,' असं पूर्वाने ऑनलाइन टाकलेल्या त्याच्या फोटोखाली लिहिलं होतं. घरमालकांनीही चिठ्ठी लिहिली होती: 'आपणांस सदनिका भाड्याने दिली आहे, माळरान नव्हे. रविवार संध्याकाळपर्यंत सोय करावी.'

आज रविवार होता. सोय झाली नाही, तर बिस्किटला संध्याकाळी निवाराकेंद्रातल्या पिंजऱ्यात सोडावं लागणार होतं. आणि पंधरा दिवसांत आलेला माणूस एकच, तो हा. नातीच्या फोनवर फोटो पाहून, दोन बस बदलून सकाळीच दारात उभा.

"कुत्रं न्यायला आलोय," धोंडिबा म्हणाले होते.

"असं लगेच नाही नेता येत, काका. आधी अर्ज."

"बरं," धोंडिबा म्हणाले. उभा जन्म तालुक्याच्या कचेरीत खेटे घालण्यात गेलेला, त्यांना यात नवल वाटलं नाही. "पर ताई, त्ये कुत्रं—"

"एक मिनिट. आपण क्रमाने जाऊ."

अर्ज पुरा होईपर्यंत कुत्रा दाखवायचा नाही, हा तिचा नियम होता. बघितलं की माणसं विरघळतात आणि वाट्टेल ती उत्तरं देतात. म्हणून बिस्किट आतल्या खोलीत बंद होता आणि बेल वाजल्यापासून दार ओरबाडत होता.

"नवीन माणसांना घाबरतो," पूर्वाने समजावलं. "घर स्वतःचं की भाड्याचं?"

"पावसाळा सोडला तर उघड्यावरच."

असा रकाना नव्हता.

"खायला काय देणार?"

"भाकरी. ताक."

"झोपायला कुठे?"

"रात्री झोपून कसं चालंल?" धोंडिबांनी खरोखरच्या काळजीने विचारलं. "परवा बिबट्यानं दोन कोकरं न्हेली."

पूर्वाने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही त्याला बिबट्यासमोर उभं करणार?"

"त्यो भीत न्हाई."

"काका, तुम्ही त्याला ओळखत तरी आहात का?"

धोंडिबांनी तोंड उघडलं, पण तोवर तिने पान उलटलं होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि खुर्चीवर टाकलेल्या घोंगड्याचा कोपरा दोन बोटांत धरून बघितला. बराच वेळ बघितला. मग सोडून दिला.

"नाव काय ठेवणार?"

"भैरू."

आत बिस्किट एकदम मोठ्याने भुंकला.

"हळू बोला," पूर्वा म्हणाली. "आवाजाचाही त्रास होतो त्याला."

तिने गुण मोजले. शंभरपैकी नऊ, त्यातले पाच वेळेवर आल्याचे. म्हातारा वाईट नव्हता, उलट तिला त्याची दयाच येत होती. पण दयेपोटी मुकं जनावर असं कुणाच्याही हवाली करायचं नसतं. भाकरी, उघडा माळ, रात्रभर जागरण आणि वर बिबट्या. त्यापेक्षा पिंजरा परवडला. निदान तिथे छप्पर तरी होतं. तिने मनाशी नकार पक्का केला आणि तिचे डोळे भरून आले.

तरीही अर्ज अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. सतरावा प्रश्न राहिला होता. भल्याभल्यांची इथेच दांडी उडायची. कुणाचा 'पळून गेलेला' असायचा, कुणी 'गावाला पाठवलेला'. पूर्वाने डोळे पुसले आणि धोंडिबांच्या नजरेला नजर भिडवली.

"याआधी कुत्रा पाळला होतात का? असल्यास, खरं सांगा, तो आता कुठे आहे?"

"त्यो व्हय," धोंडिबा म्हणाले. "तुमच्या आतल्या खोलीत."