राणीचा पदर

मालनला कंपनीत घेतलं नाही, तर राणीची भूमिका बाबलकडेच राहणार होती. त्यासाठी त्याने फक्त नकार द्यायचा होता.

दशावताराच्या या कंपनीत राण्याही पुरुषच होत. “बाई म्हणान नाकारतास, ह्यो खंयचो न्याय?” मालनने विचारलं.

“न्याय बाबल करतलो,” मालक म्हणाले.

मालन राणीसारखी चालू लागली. सगळे बाबलकडे रोखून बघत होते. तो ‘नाही’ म्हणायला उठला आणि ओरडला, “अगो, पदर असो कोण सोडता? खांद्यार घे. परत चल!”

“शिकवूक लागलस म्हणजे घेतलस तिका,” मालक हसले. बाबलने तिचा पदर नीट खांद्यावर बसवला.

पुढच्या नाटकात टाळ्या मालनला मिळाल्या, गर्दी मालकांना. बाबल राक्षस झाला. जन्मभर गुळगुळीत राखलेल्या ओठावर त्याला मिशी चिकटवावी लागली.