बाळांच्या रांगेत

सिस्टरांनी बावीस वर्षं बाळांना लसी टोचल्या. "एकदा टोचलं की शरीर विसरत नाही हो," हे रडवेल्या आयांना सांगून सांगून त्यांचं तोंड दुखायचं.

मग त्यांनाच रक्ताचा कॅन्सर झाला. अस्थिमज्जा बदलली, जीव वाचला, पण डॉक्टर म्हणाले, "तुमचं शरीर शिकलेलं सगळं विसरलंय. लहानपणीच्या लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतील."

म्हणून आज पन्नाशीच्या सिस्टर आपल्याच लसीकरणाच्या खोलीबाहेर तान्ह्या बाळांच्या रांगेत बसल्या होत्या. शेजारी त्यांची म्हातारी आई. वर्षभर तिला कुणाचीच ओळख पटत नव्हती, मग घरी एकटं कसं ठेवणार?

नव्या नर्सने सवयीने "पुढचं बाळ" म्हणून हाक मारली आणि सिस्टर उठल्या.

सुई टोचताना आईने त्यांचा हात घट्ट धरला. "झालं हं, झालं," म्हणत पाठीवरून हात फिरवला. सिस्टरांचे डोळे भरून आले. वाटलं, ओळखलं आईने.



तेवढ्यात आई नर्सकडे वळून म्हणाली, "हिच्या आईला कुणीतरी निरोप द्या. रात्री ताप येईल पोरीला."