घासणारं दार

आईबाबांच्या घराचं दार फरशीला असं घासायचं, की उघडलं की सगळ्या मजल्याला कळावं. "आईला केवढा जोर लावावा लागतो, बघा तरी!" माहेरी आले की माझं ठरलेलं वाक्य. "घासतंय तर घासू दे गं," हे बाबांचं.

या खेपेला मी ऐकलं नाही. शाळेत विज्ञान शिकवते मी. घर्षण कमी केलं की जोर कमी लागतो, हे पोरांना घसा फोडून सांगायचं आणि आपल्याच घरात हे दार? बाबा औषधं आणायला निघाले. जाताना "दाराकडे कान असू दे" असं बजावून गेले. त्यांची पाठ वळताच मी सुताराला बोलावलं, दार उतरवून खालून रंधा मारून घेतला. आता ते एका बोटानं उघडत होतं, अगदी बिनआवाज. आईनंसुद्धा चारदा उघडझाप करून पाहिली आणि लहान मुलीसारखी हसली. मग मी पोळ्या लाटायला आत गेले.

बाबा आले. सवयीनं त्यांनी दाराला खांदा लावला आणि तोल जाऊन थेट खोलीतच आले. मी लाटणं घेऊन हसत बाहेर धावले.

"तुझी आई कुठंय?"

"आडवी झाली असेल आत."

पलंग रिकामा होता. बाबा तसेच दाराकडे वळले. "वर्ष झालं, बाहेर पडली की तिला घर सापडत नाही. कडी काढायची तेवढी विसरत नाही. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बोललो नाही."



"अगं, तो आवाज होता म्हणून तर मी दुपारचा डोळा मिटत होतो."